पडद्यापलीकडचा भाऊ

तरणतलावाच्या उथळ बाजूला हेमलता एका वयस्क बाईंना उताणं तरंगायला शिकवत होती. बाईंच्या मानेखाली तिचा एक तळवा होता. "अंग सोडा," ती सांगत होती, "पाणी तुम्हाला धरतं. तुम्ही पाण्याला धरायला जाऊ नका." बाईंचे खांदे जरा सैल पडले, आणि तेवढ्यात हेमलताला काठावर उभी असलेली सुलभावहिनी दिसली. चपला हातात, साडीचा काठ ओला, आणि चेहरा असा की ओळखायला क्षणभर वेळच लागावा.

सुलभावहिनी म्हणजे तिच्या सख्ख्या थोरल्या भावाची, दिगंबर नारखेडेची बायको. सावद्याला भावाचं केळी पिकवायचं मोठं चेंबर होतं. सावदा ते नाशिक हे अंतर काही फार नव्हतं, पण आई गेल्यापासून ते दोन्हीकडून कुणी ओलांडलं नव्हतं.

हेमलता अंग पुसून बाहेर आली. दोघी बाकावर बसल्या.

"वन्सं, तुमच्या भावाचं लिव्हर संपलंय," वहिनी म्हणाली. "दारूचा थेंब नाही आयुष्यात. चरबी साठत गेली, कळलंच नाही. आता यादीत नाव लागलंय. नवं लिव्हर कधीही मिळेल म्हणतात. पण डॉक्टरांना सोबती हवाय."

सोबती म्हणजे काय, हे त्या दिवसांत सगळ्यांना ऐकून माहीत होतं. ऑपरेशनच्या वेळी शेजारच्या खाटेवर पडून आपलं यकृत काही तासांपुरतं दुसऱ्याच्या कामाला लावणारा माणूस.

"पोराच्या लिव्हरलाही चरबी निघाली. माझी शुगर. माहेरचे दोघं तयार झाले तर तपासणीत घाबरले म्हणून त्यांना नको म्हटलं." वहिनीनं चपला बाकाखाली ठेवल्या. "तुम्ही घाबरत नाही."

"त्यानं पाठवलं तुम्हाला?"

"नाही. ते म्हणाले, हेमाला विचारू नको."

"का?"

"म्हणाले, विचारलंस तर तिला हो म्हणावं लागेल."

हेमलतानं केसांचं पाणी पिळलं. पुढचा वर्ग सुरू व्हायची शिट्टी झाली. "मला जायला हवं," ती उठत म्हणाली, आणि दोन पावलांवरून मागे वळून, "तपासणीला कुठं यायचं तेवढं सांगा."

*

भूल देणाऱ्या डॉ. रुबीना तडवी मूळच्या यावलच्या. 'खान्देशी माणसाला आधी बसवावं आणि मग सांगावं' या मताच्या. त्यांनी हेमलताला चहा दिला आणि समोरच्या पाटीवर यकृताचं चित्र काढलं. चित्र काही फारसं बरं नव्हतं.

"यकृताकडे रक्त दोन वाटांनी येतं. एक धमनी, हृदयाकडून. दुसरी पोर्टल शीर, आतड्यांकडचं सगळं रक्त घेऊन. आणि यकृताच्या पाठीला चिकटून महाशीर जाते, पायांकडचं रक्त हृदयाला परत नेणारी. जुनं यकृत काढायचं तर या वाटा अडवाव्या लागतात. खूप पूर्वी महाशीर वरून-खालून चिमटे लावून बंदच करायचे. हृदयाकडे परतणारं रक्त एकदम तुटायचं. मग पंप लावून ते बाहेरून वळवायला लागले. पुढे कुणीतरी महाशीर जागच्या जागी ठेवून नवं यकृत तिच्या अंगावर बसवायची रीत काढली. तान्ह्याला पाठुंगळी घेतात ना, तशी. त्यानं फार फरक पडला. पण दोन दुखणी राहिली."

त्यांनी चित्रातलं यकृत पुसून टाकलं. मध्ये पांढरट धुरकट जागा उरली.

"पहिलं दुखणं हे. जुनं काढलं, नवं अजून जोडायचंय. या मधल्या वेळात माणसाला यकृतच नाही. आतड्यांकडचं रक्त तुंबतं, विष साठतं. हात भरभर चालवावे लागतात. आणि तुमच्या भावाच्या पोर्टल शिरेत रक्ताची गुठळी बसलीय. ती काढून, शीर नीट करून मग जोडायचं. भरभर जमणारच नाही."

"म्हणून मी."

"म्हणून तुम्ही. त्याचं तुंबलेलं रक्त आम्ही यंत्रात घेतो. यंत्रात केसांहून बारीक पोकळ धागे आहेत, हजारो. धाग्यांच्या आतून त्याचं रक्त वाहतं, बाहेरून तुमचं. मध्ये पडदा. रक्ताला रक्त लागत नाही, गट जुळावा लागत नाही. फक्त बारीक रेणू पडद्यातून गाळून तुमच्याकडे येतात. अमोनिया, असलं विष. तुमचं यकृत ते निवारतं. निवारेपर्यंत थोडं तुमच्याही डोक्यात जाईल. धुकं येतं. झोप आणि जाग यांच्यामधलं काहीतरी. घाबरायचं नाही."

"आणि दुसरं दुखणं?"

"नवं यकृत उघडतात तो क्षण. बर्फात ठेवलेलं असतं, आत आम्लं, क्षार साठलेले. चिमटा काढला की ते सगळं थेट हृदयाकडे धावतं. प्रेशर कोसळतं. बहुतेक वेळा सावरतं." डॉक्टर जरा घुटमळल्या. "आता मुद्द्याचं बोलते. पडदा दोन्हीकडून झिरपतो. विष इकडे येतं, तसं तुमच्या रक्तातलं बारीकसारीक तिकडे जातं. घाबरल्यावर, रागावल्यावर शरीर जे अ‍ॅड्रेनलिन सोडतं ना, तेही. म्हणून सोबत्याला भूल देता येत नाही, ती भुलीची मात्रा रुग्णात जाईल. सोबती जागा हवा आणि शांत हवा. एका सोबत्याला मध्येच आठवलं, की याच मेव्हण्यानं आपल्या बहिणीला छळलं. रुग्णाचं हृदय पिसाटासारखं धावलं. वाचला, पण तेव्हापासून आम्ही मनाची तपासणी करतो."

तपासणी साधी होती. बोटाला चिमटा, मनगटाला पट्टी, दंडात बारीक सुई. डॉक्टर एकेक नाव घेत. दिगंबर. सावदा. आई. तापीचा काठ. यंत्राच्या पडद्यावरची हिरवी रेघ सरळ चालत राहिली.

"इतकी सरळ रेघ मी पाहिली नाही," डॉ. तडवी म्हणाल्या. "भावाच्या नावानं थोडी तरी हलते माणसाची. काही मनात नाही ना?"

"काही नाही," हेमलता म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. पण घरी जाताना बसच्या खिडकीशी तिला वाटलं, शांत असणं आणि थिजलेलं असणं यांत रेघेला काय फरक कळणार?

कारण मनात होतंच. आई आजारी होती आणि भावानं कळवलं नव्हतं. 'उगाच धावाधाव नको' असं म्हणत दोन आठवडे काढले, आणि एके सकाळी फोन केला, "आईला बरं नाही, ये." धुळ्याच्या अलीकडे दुसरा फोन आला, "आई गेली." ती म्हणाली होती, "मी पोचतेच आहे. थांबा." भाऊ "हं" म्हणाला होता. ती पोचली तेव्हा तापीच्या काठावर माणसं अंघोळी करून परतत होती आणि चितेवर लाकडांचे निखारे तेवढे होते. तिनं भावाला काहीही विचारलं नाही. आल्या वाटेनं परतली.

*

यकृताची पेटी ड्रोननं आली. रुग्णालयाच्या गच्चीवर ती उतरली तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं, आणि खाली हेमलता हिरवा झगा घालून चाकांच्या खाटेवर पडली होती. नाशकातल्याच कुणा तरुण मुलाच्या आईवडिलांनी ते दिलं होतं. त्यापलीकडे कुणाला काही सांगत नसत.

ऑपरेशनच्या दाराशी दोन खाटा शेजारी आल्या. भावाला तिनं तेव्हा पाहिलं. डोळे हळदीसारखे पिवळे, दंड वाळलेले, पोट फुगलेलं. विष डोक्यात चढल्यानं तो आधीच अर्धा कुठंतरी होता.

"विहिरीला पाणी किती आहे गं?" त्यानं विचारलं.

हेमलतानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं डोळ्याला पदर लावला होता.

"आहे पुरेसं," हेमलता म्हणाली.

"मग डबा घट्ट बांध," तो म्हणाला, आणि त्याला आत नेलं.

मांडीच्या जागी बधिर करून तिच्या शिरांत दोन नळ्या बसवल्या. तिच्या आणि भावाच्या मध्ये हिरवं कापड लावलेलं होतं, आणि खाली ते यंत्र, दुधाच्या किटलीएवढं. बराच वेळ नुसती कुजबुज, हत्यारांचे आवाज, आणि छताकडे पाहत पडून राहणं. मग सर्जनचा आवाज आला, "सोबत सुरू करा." तिच्या मांडीतून काहीतरी कोमट सरकल्यासारखं वाटलं. एवढंच.

धुकं पायांकडून आलं. आधी जिभेवर गोडसर, जून चव आली. मग वास. पिकायला लागलेल्या केळ्यांचा, भावाच्या चेंबरचं दार उघडलं की अंगावर येणारा. छताचे दिवे मऊ झाले, त्यांच्या कडा ओघळल्या.

"ताई, आपलं नाव सांगा," डॉ. तडवींचा आवाज लांबून आला.

"हेमलता."

"आत्ता कुठं आहात?"

"विहिरीच्या काठावर," ती म्हणाली, आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"थोडं धुकं आहे," डॉक्टर कुणालातरी म्हणाल्या. "बाकी उत्तम. रेघ सरळ."

विहीर मळ्यातली होती. तिच्या पाठीला तरंगण्यासाठी तेलाचा रिकामा डबा, काथ्यानं बांधलेला. खाली पाण्यात भाऊ उभा होता, बारा-तेरा वर्षांचा, दोन्ही हात वर करून. त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं. 'मार उडी. मी आहे ना!' मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याशी आई कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी थापत बसली होती. विहिरीशी कुणी भाकरी थापत नाही, हे तिला कळत होतं, पण आई इतक्या निवांतपणे थापत होती की विचारणं बरं दिसलं नसतं. पीठ परातीत गोल फिरत होतं. आईनं मान वर केली नाही.

मग ती पाण्यात होती, आणि पाणी कोमट होतं, आणि ते पाणी भाऊही होता. त्याची भीती तिला अंगाला लागून जाताना कळत होती, माशासारखी. बिचारा घाबरलाय, तिला वाटलं. आणि तिला त्याची फार दया आली, लहान मुलाची येते तशी. किती वेळ ती अशी तरंगत होती कोण जाणे. पलीकडे माणसं त्याची शीर साफ करत होती, एकेक टाका घालत होती, आणि तिचं यकृत दोघांचं विष मुकाट्यानं उपसत होतं.

मग पाण्याची बस झाली. धुळ्याच्या अलीकडची. खिडकीबाहेर कपाशीची शेतं सरकत होती आणि शेजारच्या सीटवर आई बसली होती. 'पोचू ना आपण?' तिनं आईला विचारलं. आईनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. बस चालत होती, चालत होती, आणि धुळं येतच नव्हतं. मागच्या काचेतून तिला धूर दिसला. धूर पुढं असायला हवा होता, तापीकडे. तो मागून येत होता. आईची सीट रिकामी झाली होती.

तिच्या छातीत काहीतरी तडकलं. उन्हाळ्यात बर्फाची लादी तडकते तसं, आतल्या आत.

"धमनी जोडली. पोर्टल उघडतोय," सर्जन म्हणाला.

"उघडा. हळू."

मग यंत्राची घंटी. मग दुसरी.

"प्रेशर पडतंय."

"औषध देतेय. अजून दिलं." डॉ. तडवींचा आवाज घट्ट झाला होता. "उचलत नाहीये. हृदय मंदावतंय. भाऊसाहेब, चला, चला..."

धुक्यातून हेमलताला सगळं कळलं. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो निघाला होता. ती वाटेत होती आणि तो पुन्हा एकदा तिच्याकरता न थांबता निघाला होता.

"भाऊ!" ती ओरडली. बधिर मांडी आणि पट्ट्यांमुळे तिला उठता आलं नाही, पण मान उचलली गेली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. "थांब! थांब म्हटलं होतं ना मी! तेव्हा नाही थांबलास, आईला जाळून मोकळा झालास! या खेपेला तरी थांब माझ्यासाठी!"

हिरवी रेघ डोंगरासारखी उभी राहिली.

"सोबत्याची नाडी चढली," यंत्रावरचा तंत्रज्ञ म्हणाला. "लाइन बंद करतो."

"थांब," डॉ. तडवी म्हणाल्या.

"मॅडम, नियम आहे, नाडी चढली की..."

"माहितीय मला. हात काढ तिथून." त्या हेमलताकडे पाहत नव्हत्या. त्या भावाच्या आकड्यांकडे पाहत होत्या. "उचलतंय. बघ. उचलतंय."

हेमलता बोलतच होती. काय बोलत होती हे पुढे तिला नीट आठवलं नाही. दोन आठवडे का लपवलंस, मी कुणी नव्हते का, मला तिचे पाय तरी दिसायला हवे होते. इतक्या वर्षांचं साठलेलं, एकही शब्द न गाळता. आणि पडद्यापलीकडे तिच्या भावाचं हृदय, जणू कुणी दारावर धडका मारतंय तसं, जोरजोरात चालायला लागलं.

"पुरे," बऱ्याच वेळानं डॉ. तडवींनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "हेमाताई, पुरे आता. आता लाइन बंद करतोय आपण. नवं यकृत गुलाबी झालंय. थांबलाय तो."

*

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिच्या खोलीत येऊन बसल्या. धुकं ओसरलं होतं, पण कडेकडेला थोडं उरलं होतं. खिडकीतलं झाड तिला अजून अंमळ जवळ वाटायचं.

"माझ्या रागानं तो वाचला का?" हेमलतानं विचारलं.

"औषधं आम्ही दिलीच होती. ती उशिरा लागू पडली असतील. किंवा तुमचं अ‍ॅड्रेनलिन वेळेवर पोचलं. दोन्ही मिळून झालं असेल. मी शपथेवर सांगू शकत नाही." त्या हसल्या. "नियम मोडला म्हणून मला बरंच ऐकावं लागणार आहे, तेवढं मात्र नक्की."

"म्हणजे तुमच्या तपासणीत मी नापास."

"तपासणीच नापास. रेघ सरळ आली की आम्ही खुश. आता मी विचार करतेय, सरळ रेघेच्या माणसाला विचारायचं तरी काय."

भाऊ शुद्धीवर आला, नळ्या निघाल्या, डोळ्यांतली हळद उतरायला लागली, तेव्हा एका दुपारी हेमलता त्याच्या खोलीत गेली. वहिनी उठून बाहेर गेली. जाताना खुर्ची खाटेजवळ ओढून ठेवली.

हेमलता तिथं बसली. त्याच्या छातीला लावलेलं यंत्र एकसारखं टिकटिकत होतं.

"हेमा," तो म्हणाला, "भुलीत मला कुणाचा तरी फार राग आला होता. असा राग मला जन्मात आला नव्हता. आणि गंमत म्हणजे तो माझ्यावरच होता."

"डॉक्टर म्हणतात, तसं होत नसतं. अ‍ॅड्रेनलिनला नाव-पत्ता नसतो."

"डॉक्टर म्हणत असतील," तो म्हणाला.

ती खिडकीकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "का नाही थांबलास?"

त्यानं छताकडे पाहिलं. "लोक घाई करत होते, ऊन होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं ते नाही. तू येशील आणि विचारशील, आधी का नाही कळवलंस. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुझ्यासमोर उभं राहायचं धाडस नव्हतं मला. बस, एवढंच."

एवढंच होतं. इतकी वर्षं तिनं मनात त्याच्यासाठी मोठमोठी कारणं रचली होती. तिच्या लग्नाचा राग, वहिनीचं सांगणं, आईचाच काही हट्ट. आणि निघालं काय, तर भित्रा माणूस.

"हे मी विसरणार नाही," ती म्हणाली.

"नको विसरू."

"पण मला तो दिवस सांग. सकाळपासून. मी नव्हते, तू होतास. तुझ्याकडे आहे तो, माझ्याकडे नाही."

त्यानं डोळे मिटले. हेमलताला वाटलं, तो झोपला. मग तो बोलायला लागला, हळूहळू, मध्ये दम घेत. सकाळी आईला जरा बरं वाटत होतं. तोंड धुतलं. केस विंचरून मागितले, सुलभानं विंचरले. भरीत खावंसं वाटतंय म्हणाली, पण नुसता वास घेतला आणि ताट सारलं. ऊन खाटेवर आलं तेव्हा म्हणाली, सरकवू नका, असू दे. मग शेजारची गाय हंबरली, तर म्हणाली, हिला आज पाणी दाखवलं नाही वाटतं कुणी.

हेमलता एकेक शब्द ऐकत होती. बाहेर वहिनी कुणाशी तरी फोनवर बोलत होती, आवाज येत होता, जात होता.

"मग मी तुला फोन केला," तो म्हणाला. "फोन ठेवला तर विचारायला लागली, कोण येतंय. मी म्हटलं, हेमा निघालीय. तिचा चेहरा..." तो थांबला. "मला सांगता येत नाही चेहरा. म्हणाली, मग दाराला कडी लावू नका. ती आली की ठोठावत बसत नाही, सरळ लोटते."

"असं म्हणाली?"

"असं म्हणाली. मग डोळे मिटले. मी कडी लावली नाही. तेवढं केलं."

हेमलता रडायला लागली. तिकडे तापीच्या काठावर तिला रडू आलं नव्हतं, परतीच्या बसमध्ये आलं नव्हतं, नंतरही कधी नाही. आता ते आवाज न करता आलं आणि थांबेना.

भावाच्या उशाशी लावलेलं यंत्र आपलं पहिल्यासारखं टिकटिकत राहिलं. त्याच्या नाडीला काही कळलं नाही. आता दोघांचं रक्त आपापल्या वाटेनं वाहत होतं, मध्ये काही झिरपत नव्हतं. तिला काय होतंय हे त्याला आता डोळे उघडून, मान वळवूनच पाहावं लागणार होतं.

त्यानं डोळे उघडले. मान वळवली. बहिणीकडे बघितलं, आणि सलाइनची सुई लावलेला हात गादीवरून तिच्या दिशेनं सरकवत आणला.